अक्षर आपोआप कॅपिटल होतंय? आधी ते कोण करतंय हे शोधा

एका सहकाऱ्यासाठी मी वर्डमध्ये दोन रकान्यांचा तक्ता करत होते. डावीकडे लिनक्सवर टाइप करायच्या कमांड, उजवीकडे त्या काय करतात याची माहिती. पहिल्या खान्यात छोट्या अक्षरांत 'एलएस' लिहिलं, टॅब दाबून उजवीकडे गेले, अर्थ लिहिला, पुन्हा टॅब. खाली 'सीडी', त्याखाली 'ग्रेप'. हात चालत होता आणि नजर पुढच्या ओळीवर होती. टॅब दाबल्याबरोबर मागच्या खान्यातलं पहिलं अक्षर मोठं होत होतं, ते मला दिसलंच नाही. सहकाऱ्याने तक्त्यातून कमांड उचलून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत टाकल्या आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं, 'कमांड नॉट फाउंड'. छोटा एल आणि मोठा एल ही लिनक्सच्या दृष्टीने दोन वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे मोठ्या एल ने सुरू होणारी कमांड त्याला सापडणार तरी कशी?

तक्ता दुरुस्त करायला बसले तेव्हा मी आधी विंडोजच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये शोधलं. बराच वेळ शोधलं. तिथे काही मिळालं नाही, कारण ते तिथे नव्हतंच. या विषयातली खरी अडचण हीच आहे. अक्षर मोठं होणं बंद करणं म्हणजे एक टिक काढणं, त्याला दहा सेकंदही लागत नाहीत. ती टिक कुठे आहे हे शोधण्यात वेळ जातो, कारण हे काम करणारा एकच कुणी नसतो.

कळ दाबल्यावर काय होतं ते थोडक्यात पाहू. कीबोर्ड फक्त 'अमुक कळ दाबली गेली' एवढंच कळवतो, सोबत शिफ्ट दाबलेली असेल तर तेही. त्यावरून कोणतं अक्षर हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते आणि समोर उघडलेल्या प्रोग्रॅमच्या हाती देते. इथपर्यंत अक्षर जसं टाइप केलं तसंच असतं. पुढे त्या प्रोग्रॅमला वाटलं की हे वाक्याचं पहिलं अक्षर आहे, तर तो ते बदलतो. म्हणजे वर्डमधला बदल वर्ड करतो, गुगल डॉक्समधला गुगल डॉक्स करतो, आणि एकाला गप्प केलं म्हणून दुसरा गप्प बसत नाही. मॅकवर मात्र खुद्द सिस्टीमही यात हात घालते, त्याकडे पुढे येऊ.

कॉम्प्युटरच्या लेखी हा बदल अगदी क्षुल्लक असतो. मोठ्या ए चा क्रमांक 65 आणि छोट्या ए चा 97. इंग्रजीच्या सगळ्या 26 जोड्यांमध्ये हेच 32 चं अंतर आहे, आणि शून्य-एकच्या भाषेत ते एका बिटाचं असतं. तेवढा एक बिट बदलला की अक्षर मोठं. पूर्वी हा निर्णय पूर्णपणे लिहिणाऱ्याचा असायचा. 1874 मध्ये विक्रीला आलेला शोल्स आणि ग्लिडन टाइपरायटर फक्त मोठी अक्षरंच छापायचा. 1878 च्या रेमिंग्टन नंबर 2 वर शिफ्टची कळ आली आणि छोटं की मोठं हे बोटांवर ठरू लागलं. 1993 मध्ये वर्ड 6.0 सोबत ऑटोकरेक्ट आलं आणि त्या निर्णयातला काही भाग प्रोग्रॅमने आपल्याकडे घेतला. घाईत टाइप करणाऱ्या असंख्य लोकांचं काम त्याने सोपं केलं हे मी मनापासून मानते. पण प्रोग्रॅमला वाक्य कळत नाही. त्याला टिंब कळतं, टिंबानंतरची मोकळी जागा कळते आणि परिच्छेदाची सुरुवात कळते. या खुणांवरून तो वाक्य कुठे सुरू झालं याचा अंदाज बांधतो, आणि जिथे टिंब असूनही वाक्य संपलेलं नसतं तिथे तो अंदाज चुकतो.

नोटपॅडची परीक्षा

सेटिंगमध्ये शिरण्याआधी ही छोटी परीक्षा कराच. विंडोजवर नोटपॅड उघडा, एक इंग्रजी शब्द छोट्या अक्षरांत लिहा, टिंब द्या, स्पेस द्या, पुढचा शब्द लिहा आणि पुन्हा स्पेस द्या. शेवटची स्पेस विसरू नका. फोनवर वाक्य संपलं की कीबोर्डच आधी मोठ्या अक्षरांचा होतो आणि तो बदल तुम्हाला दिसतो. वर्डमध्ये तुम्ही शब्द पूर्ण करून स्पेस किंवा टॅब दाबेपर्यंत काहीच होत नाही, आणि मग मागे वळून पहिलं अक्षर बदललं जातं. तोवर तुमची नजर पुढे गेलेली असते. म्हणूनच ही चूक इतकी निसटते.

नोटपॅडमध्ये अक्षर छोटंच राहिलं, तर तुमचा कीबोर्ड आणि विंडोज दोन्ही ठीक आहेत. जिथे अक्षर मोठं होतंय त्या प्रोग्रॅमची सेटिंग पाहायची. नोटपॅडमध्येही मोठं झालं, तर कारण वेगळं आहे, त्यासाठी थेट खालच्या 'नोटपॅडमध्येही मोठंच येतंय' या भागाकडे जा.

वर्डमध्ये

वरती फाइल, डावीकडे अगदी खाली ऑप्शन्स, उघडलेल्या खिडकीत प्रूफिंग, आणि तिथे वरच 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स' हे बटण. मॅकवरच्या वर्डमध्ये वरच्या पट्टीत वर्ड या नावावर क्लिक करून सेटिंग्जमध्ये, म्हणजे जुन्या आवृत्तीत प्रेफरन्सेसमध्ये, ऑटोकरेक्ट सापडतं.

या खिडकीत टिकांची एक छोटी उतरंड आहे आणि त्यातली प्रत्येक टिक वेगळं काम करते. 'कॅपिटलाइझ फर्स्ट लेटर ऑफ सेंटेन्सेस' ही वाक्याच्या पहिल्या अक्षरासाठी. तिच्या लगेच खाली 'कॅपिटलाइझ फर्स्ट लेटर ऑफ टेबल सेल्स'. माझ्या तक्त्याची वाट लावली ती हिने, आणि बहुतेक लोक वाक्यांची टिक काढून हिला तशीच ठेवतात. मग परिच्छेदात सगळं नीट चालतं, तक्त्यात मात्र अक्षरं मोठी होतच राहतात, आणि सेटिंग लागूच होत नाही असं वाटतं. त्याखाली वारांची नावं मोठ्या अक्षराने सुरू करणारी टिक, आणि चुकून कॅप्स लॉक चालू राहिला तर तो ओळखून सावरणारी टिक. सगळ्यात वर आणखी एक आहे, सुरुवातीला चुकून दोन मोठी अक्षरं पडली तर दुसरं छोटं करणारी. शिफ्टवरून बोट उचलायला उशीर झाला की जे होतं, त्यावरचा हा उपाय आहे.

माझा सल्ला असा, की यातल्या फक्त वाक्यांची आणि तक्त्याच्या खान्यांची अशा दोनच टिका काढा. 'रिप्लेस टेक्स्ट ॲज यू टाइप' ही खालची टिक काढू नका. नेहमीच्या चुकीच्या स्पेलिंगची दुरुस्ती तिच्यावर चालते आणि तिचा कॅपिटलच्या त्रासाशी संबंध नाही. वैतागून सगळं ऑटोकरेक्टच बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. एक नळ गळतोय म्हणून सगळ्या घराचं पाणी तोडण्यासारखं आहे ते.

पण खरं तर अनेकांना पूर्ण बंद करायचंच नसतं. लेख, पत्र, अहवाल लिहिताना पहिलं अक्षर आपोआप मोठं झालेलं बरंच असतं; फक्त एखाद्या संक्षेपानंतर ते नको असतं. त्यासाठी त्याच खिडकीत 'एक्सेप्शन्स' नावाचं बटण आहे, आणि त्याच्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. त्यात 'फर्स्ट लेटर' या भागात टिंबाने संपणाऱ्या संक्षेपांची यादी आधीपासून भरलेली असते. तुमच्या क्षेत्रातला एखादा संक्षेप तिथे टिंबासकट लिहून ॲड केला, की त्यानंतरचं अक्षर वर्ड हलवत नाही. शेजारच्या 'इनिशियल कॅप्स' या भागात सुरुवातीला दोन मोठी अक्षरं मुद्दाम असलेले शब्द टाकता येतात, म्हणजे दोन मोठी अक्षरं आणि अनेकवचनाचा छोटा एस अशा धाटणीचे. एकाच विषयावर रोज लिहिणाऱ्याने एकदा पंधरा मिनिटं काढून ही यादी भरावी. मी भरली, आणि त्यानंतर वाक्यांची टिक परत लावून टाकली.

यादीत शब्द घालायची आणखी सोपी रीत आहे. चुकीने मोठं झालेलं अक्षर बॅकस्पेसने मागे जाऊन खोडायचं आणि छोटं लिहायचं. एक्सेप्शन्सच्या खिडकीत 'ऑटोमॅटिकली ॲड वर्ड्स टू लिस्ट' ला टिक असेल, तर वर्ड तो संक्षेप स्वतःच यादीत टाकतो. आणि एकाच जागेपुरतं नको असेल, तर बदल झाल्याझाल्या कंट्रोल झेड दाबा. त्याने तुमचा शब्द जात नाही, फक्त वर्डने केलेला बदल मागे घेतला जातो. मॅकवर कमांड झेड.

माउस त्या बदललेल्या अक्षरावर नेला, तर खाली एक बारीक निळी रेघ दिसते आणि तिच्यावर गेलं की एक छोटं बटण उघडतं. त्यात हा एक बदल मागे घेण्याची सोय असते आणि वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करणं कायमचं थांबवण्याचीही. सेटिंगचा रस्ता लक्षात राहत नसेल तर हा मार्ग सगळ्यात जवळचा.

आउटलुकची तऱ्हा थोडी निराळी आहे. तिथे फाइल, ऑप्शन्स, मेल, मग 'स्पेलिंग अँड ऑटोकरेक्ट' आणि त्यातून प्रूफिंग असं जावं लागतं. वर्डमध्ये बंद केलं तरी मेल लिहिताना अक्षर मोठं होतंय असं दिसलं, तर इथे बघा.

बाकीच्या ठिकाणी

गुगल डॉक्समध्ये काम फार सोपं आहे. टूल्स, प्रेफरन्सेस, आणि 'ऑटोमॅटिकली कॅपिटलाइझ वर्ड्स' ची टिक काढा. लिब्रेऑफिसमध्ये टूल्सच्या यादीत ऑटोकरेक्ट ऑप्शन्स आहे. त्यातल्या ऑप्शन्स या भागात 'कॅपिटलाइझ फर्स्ट लेटर ऑफ एव्हरी सेंटेन्स'. त्याच्या कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये खान्यात लिहिलेला शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, त्याचंही कारण हीच टिक.

मॅकवर सिस्टीमची स्वतःची सोय आहे. 2016 च्या मॅकओएस सिएरापासून ती आली. सिस्टीम सेटिंग्ज, कीबोर्ड, तिथे टेक्स्ट इनपुटच्या समोर एडिट हे बटण, आणि आत 'कॅपिटलाइझ वर्ड्स ऑटोमॅटिकली'. नोट्स, मेल यांसारखे ॲपलचे प्रोग्रॅम या बटणाचं ऐकतात. वर्ड ऐकत नाही, कारण त्याचं ऑटोकरेक्ट त्याच्याजवळ आहे. मॅकवर वर्ड वापरणाऱ्याला म्हणून दोन्हीकडे बंद करावं लागतं. त्याच खिडकीत दोनदा स्पेस दिल्यावर टिंब टाकणारी सोयही असते. ते टिंब नकळत पडलं की पुढचं अक्षर मोठं होतं, आणि दोष मात्र कॅपिटलच्या सेटिंगला दिला जातो. दोन्ही एकत्र पाहा.

विंडोजच्या सेटिंगमध्येही वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करण्याची एक सोय सापडते. ती पाहून फसू नका. ती स्क्रीनवर उमटणाऱ्या टच कीबोर्डपुरती आहे, टेबलावरच्या कीबोर्डशी तिचं देणंघेणं नाही. आयपॅडला बाहेरचा कीबोर्ड जोडला असेल तर जनरल, कीबोर्ड, हार्डवेअर कीबोर्ड या वाटेने त्याची वेगळी सेटिंग मिळते. कीबोर्ड जोडलेला नसेल तर ती दिसत नाही.

वेबसाइटवरचे फॉर्म बनवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एचटीएमएलमध्ये 'ऑटोकॅपिटलाइझ' नावाचा गुणधर्म आहे. सदस्यनाव, कूपनचा कोड अशा चौकटींना तो 'नन' ठेवला, तर फोनवरून भरणाऱ्याचं पहिलं अक्षर मोठं होत नाही. खऱ्या कळांच्या कीबोर्डवर त्याचा काही परिणाम होत नाही. तुमच्या फॉर्ममध्ये लोकांचं लॉगिन वारंवार चुकत असेल, तर ही एक ओळ तपासायला विसरू नका.

नोटपॅडमध्येही मोठंच येतंय

इथे वर्डच्या ऑटोकरेक्टचा संबंध नाही. विंडोज 11 च्या नव्या नोटपॅडला मात्र स्वतःचं ऑटोकरेक्ट आहे, ते त्याच्या सेटिंगमधून बंद करून परीक्षा पुन्हा करा. कॅप्स लॉक चालू आहे का ते आधी बघा. दिवा नसलेल्या कीबोर्डवर हे सहज निसटतं. मग स्टिकी कीज. शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की विंडोज ही सोय चालू करू का असं विचारतं, आणि घाईत हो म्हटलं जातं. एका हाताने टाइप करणाऱ्यांसाठी, बोटांना त्रास असणाऱ्यांसाठी ही अतिशय मोलाची सोय आहे, पण नकळत चालू झाली तर शिफ्ट दाबून सोडल्यावरही पुढचं अक्षर मोठं पडतं. ॲक्सेसिबिलिटीमधल्या कीबोर्ड या भागातून ती बंद करता येते, आणि पाच वेळा दाबण्याचा शॉर्टकटही तिथेच बंद होतो. याशिवाय उरतं ते एकतर अडकलेली शिफ्टची कळ, किंवा पार्श्वभूमीत चालणारा एखादा टायपिंगला मदत करणारा प्रोग्रॅम. दुसरा कीबोर्ड जोडून पाहिलं की कळेचा दोष लगेच उघड होतो.

आणखी एक फसवं रूप आहे. काही वेळा अक्षर मोठं झालेलंच नसतं, फक्त मोठं दिसतं. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए एकत्र दाबलं की निवडलेला मजकूर सगळा मोठ्या अक्षरांत दिसतो, पण ती नुसती सजावट असते. तो मजकूर निवडून कंट्रोल आणि स्पेस दाबा. सजावट उतरते आणि खाली मूळ छोटी अक्षरं जशीच्या तशी असतात.

एवढा खटाटोप कशासाठी

हा प्रश्न मला विचारला गेला आहे, आणि तो रास्त आहे. मराठी वाचणाऱ्याला तर तो हमखास पडतो, कारण देवनागरीत छोटं-मोठं अक्षर हा प्रकारच नाही. आपल्याला कॅपिटल म्हणजे एक शिष्टाचार वाटतो. पण कित्येक ठिकाणी अक्षराचा आकार बदलला की अर्थ बदलतो.

मोजमापं घ्या. छोटा एम आणि मोठा डब्ल्यू म्हणजे मिलिवॉट. दोन्ही मोठे केले की मेगावॉट. मधला फरक शंभर कोटी पटींचा आहे. तक्त्याच्या खान्यात हे एकक एकटं लिहिलं आणि टॅब दाबला, की तो फरक एका क्षणात घडतो आणि कुठलीही लाल रेघ उमटत नाही, कारण स्पेलिंगच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नसतं. मिलिमीटरचा पहिला एम मोठा झाला तर मेगामीटर होतो, म्हणजे हजार किलोमीटर.

रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याच्या आयट्रान्ससारख्या पद्धतीतही हेच. तिथे छोटा टी म्हणजे त आणि मोठा टी म्हणजे ट. छोटा एन म्हणजे न आणि मोठा एन म्हणजे ण. मजकूर आधी वर्डमध्ये रोमनमध्ये लिहून मग देवनागरीत बदलणाऱ्याच्या वाक्याची सुरुवात 'तर' ने झाली असेल, तर ती 'टर' होते. 'नको' चं 'णको' होतं. ज्यांनी पानंच्या पानं अशी दुरुस्त केली आहेत त्यांना हा विषय लहान वाटणार नाही.

नावांचाही मान आहे. अमेरिकी लेखिका आणि विचारवंत बेल हुक्स आपलं नाव पूर्ण छोट्या अक्षरांत लिहीत, आणि ती त्यांची जाणीवपूर्वक निवड होती. आयफोनचा आय आणि ईबेचा ई छोटाच असतो. डच भाषेत तर उलट, आय आणि जे या जोडीने नाव सुरू होत असेल तर दोन्ही अक्षरं मोठी लिहितात. तुर्की भाषेत टिंबवाला आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन वेगळी अक्षरं आहेत आणि दोघांची मोठी रूपंही वेगळी. इंग्रजीचा नियम तिथे लावला की शब्दच चुकतो. ज्याचं नाव आहे, ज्याची भाषा आहे, त्याने कसं लिहिलंय ते पाळणं ही माझ्या लेखी साधी सभ्यता आहे, आणि प्रोग्रॅमच्या अंदाजावर ती सोडून देऊ नये.

टिक काढली तरी आधी बदललेला मजकूर आपणहून पूर्ववत होत नाही. तो निवडून शिफ्ट आणि एफ 3 दाबा. प्रत्येक वेळी दाबल्यावर सगळं छोटं, सगळं मोठं, प्रत्येक शब्दाचं पहिलं मोठं अशी रूपं आळीपाळीने येतात. हे वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये चालतं. गुगल डॉक्समध्ये फॉरमॅट, टेक्स्ट, कॅपिटलायझेशन. मात्र पूर्ण पान निवडून हे करू नका, नाहीतर विशेषनामं आणि मुद्दाम मोठी ठेवलेली अक्षरंही छोटी होतील. मी माझ्या तक्त्याचा फक्त डावा रकाना निवडला, शिफ्ट एफ 3 ने सगळा छोटा केला, मग एकेक कमांड टर्मिनलमध्ये चालवून पाहिली. दोन ठिकाणी कमांडला जोडलेला पर्याय मोठ्या अक्षरातच हवा होता आणि तोही छोटा झाला होता. ते दोन हाताने मोठे केले आणि तक्ता पुन्हा पाठवला.